आधी त्यालाच विचारा

रियाधच्या बत्हा भागातील आमच्या दवाखान्यात एके सायंकाळी एक गृहस्थ आपल्या पंचविशीतील मुलाला घेऊन आले. मुलाला डाउन सिंड्रोम होता. काही महिन्यांपासून तो सुस्त झाला होता, बोलेनासा झाला होता. "अशी मुले असतातच तशी," असे त्यांना यापूर्वी दोन ठिकाणी सांगण्यात आले होते. रक्त तपासले, तेव्हा थायरॉईड ग्रंथीचे कार्य मंदावल्याचे आढळले. औषध सुरू झाले आणि तो हळूहळू पूर्ववत हसू-बोलू लागला.

डाउन सिंड्रोममध्ये हा विकार वारंवार आढळतो. मग तो निसटला कसा? डॉक्टरांनी अपंगत्व पाहिले, रुग्ण पाहिला नाही. बोलता न येणारा माणूस दातदुखी वा कानदुखी डोके आपटून सांगतो. आपण त्याला चिडखोर ठरवून गुंगीचे औषध लिहून देतो. आम्ही स्वतःला यातून वगळत नाही. आमच्या विद्यार्थिदशेत 'मतिमंदत्व' म्हणजे बुद्ध्यंकाचा तक्ता, परीक्षेपुरता पाठ केलेला. अशा रुग्णाशी बोलावे कसे, हे आम्हांला कोणी शिकविले नाही.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम 47 डॉक्टरांच्या शिक्षणात या विषयाचा समावेश करण्यास सांगते. 2019 मध्ये एम.बी.बी.एस.च्या पायाभूत अभ्यासक्रमात त्यासाठी सात तास आले. ऑगस्ट 2024 च्या मार्गदर्शिकेतून ते वगळले गेले. चौफेर आक्षेपांनंतर ती मार्गदर्शिकाच पुढील महिन्यात मागे घ्यावी लागली. साडेचार वर्षांतील सात तासही जड व्हावेत, याचा खेद वाटतो.

आणि हे तास केवळ व्याख्यानात गेले तर तेही व्यर्थ. मुंबईत 1944 पासून जय वकील शाळा आहे, पुण्यात 1964 पासून कामायनी. विद्यार्थ्यांनी अशा संस्थांत जावे. प्रश्न आधी रुग्णालाच विचारावा, एका वेळी एकच, आणि उत्तराची वाट पाहावी. स्टेथोस्कोप लावण्यापूर्वी तो त्याच्या हाती द्यावा. वेदना झाली की तो काय करतो, हे आईकडून जाणून घ्यावे. येथे आईच खरी अध्यापक.

आपल्यापैकी अनेकांची मुले आज वैद्यकीय महाविद्यालयांत शिकत आहेत. सुट्टीत ती घरी आली की हे काही शिकलात का, असे त्यांना जरूर विचारा. आणि ज्यांच्या घरी असे मूल आहे, त्यांनी त्याला पाहुण्यांपासून लपवू नये. आपल्या कार्यक्रमांत सन्मानाने आणावे. उद्याच्या डॉक्टरांचा पहिला पाठ तेथेच होईल.