पावसातली पायपीट आणि पाठीवरचं बिऱ्हाड

मैत्रिणींनो, आषाढ लागला की ह्या सदराकडे येणाऱ्या पत्रांचे विषय ठरलेले असतात. रव्याला जाळी धरते, चादरी वाळत नाहीत, कपाटाला कुबट वास येतो, पापड मऊ पडतात. यंदा त्यांत एक निराळीच विचारणा आली, आणि तीही एकीची नव्हे, तिघी-चौघींची. मैत्रिणीबरोबर शनिवार-रविवार डोंगरात जायचं मनात आहे, पाठीवर सामान घेऊन, भर पावसात. तर बरोबर काय न्यावं आणि कशाला जपावं? एकीनं पुढं लिहिलंय, "घरचे हसतील म्हणून तुम्हालाच विचारते."

हसायचं काय त्यात? गेल्या जुलैत मी आणि माझी शाळेपासूनची मैत्रीण, दोघीही पन्नाशीच्या आसपासच्या, मुरबाड तालुक्यातून नाणेघाट चढून गेलो आणि वर घाटघरला मुक्काम केला. तेव्हा पुढं लिहिते आहे ते ऐकीव नाही.

कल्याणहून माळशेजकडे जाणारी एस.टी. मुरबाड, टोकावडे करत वैशाखऱ्याला येते. तिथून थोडं पुढं रानातून पायवाट लागते आणि तीन तासांत, पावसाचे चार धरा, आपण सह्याद्रीच्या माथ्यावरच्या खिंडीत पोचतो. दोन हजार वर्षांपूर्वी कोकणातल्या बंदरांचा माल ह्याच वाटेनं जुन्नरला जाई. खिंडीच्या तोंडाशी गुहा आहे आणि तिच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख कोरलेला आहे. कोणते यज्ञ झाले, दक्षिणा म्हणून किती गाई दिल्या, किती घोडे, किती नाणी, सगळं आकड्यांनिशी. महिन्याचा हिशेब वहीत टिपणाऱ्या आपल्यासारख्यांना तो वाचता आला नाही तरी ओळखीचा वाटावा! खिंडीच्या वर मोठा दगडी रांजण आहे, तो जकातीचा असं सांगतात.

आता सामानाकडे वळू. पहिली गोष्ट म्हणजे कोरडं राहण्याचा नाद सोडून द्यावा. त्या डोंगरात पाऊस वरून पडतो, खालून वाहतो आणि नाणेघाटाच्या खिंडीत तर वाऱ्यामुळं दरीतून वरही उडतो. रेनकोट कितीही भारीतला घ्या, चढताना आतून घामानं माणूस भिजतंच. म्हणून कपड्यांचे दोन जोड करावेत, एक ओला आणि एक कोरडा. ओला चालताना. कोरडा फक्त मुक्कामाच्या छपराखाली गेल्यावर काढायचा, आणि सकाळी निघताना तो पुन्हा पिशवीत बांधून कालचाच गारढोण जोड अंगावर चढवायचा. खरी परीक्षा इथं असते, बरं का. सकाळी सहाला ते ओलं कापड पाठीला लागलं की नको तो डोंगर असं होतं. पण दहा मिनिटं चाललं की अंग तापतं. मोहानं कोरडे कपडे घालून निघालात आणि वाटेत कुठं अडकून पडलात, तर रात्री घालायला काहीच उरत नाही.

सुती कापड उन्हाळ्यात सोन्यासारखं, पावसात मात्र ते पाणी धरून बसतं. जीन्स तर नकोच. टेरिलीन, नायलॉन जातीचं पातळ कापड पिळलं की निम्मं वाळतं. आणि एक लोकरी स्वेटर हवाच, कारण लोकर ओली झाली तरी ऊब देते. जुनी माणसं पावसात घोंगडी घेत ती काही उगीच नाही. छत्री घरी ठेवा. मुरबाडकडे आवणीच्या दिवसांत बायका पाठीवर इरलं घेऊन भात लावत. आता इरली कमी झाली, प्लॅस्टिकच्या खोळी आल्या, पण दोन्हींत मर्म एकच: पाठ झाकलेली आणि हात मोकळे.

सॅकवर घालायचं कव्हर एकटं पुरत नाही, पाठीच्या बाजूनं पाणी शिरतंच. सॅकच्या आत जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी घालून सगळं सामान तिच्यात भरावं आणि तोंड पिळून, दुमडून, दोरीनं बांधावं. दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन वाळवून ठेवण्याची आपली सवय घरात चेष्टेचा विषय असते ना? इथं तिचं सोनं होतं. काडेपेटी, औषधं, पैसे, मोबाईल, सगळं वेगवेगळ्या पिशवीत. महिन्याच्या अडचणीचं सामानही, तारीख लांब असली तरी, कारण श्रमानं ती पुढंमागं होते. वापरलेलं कागदात गुंडाळून परत आणायचं, रानात टाकायचं नाही.

ओझं आपल्या वजनाच्या सहाव्या हिश्शाहून जास्त नको. दोघींनी आदल्या दिवशी एकमेकींच्या पिशव्या उघडून बघाव्यात. आमच्याकडे लोणच्याच्या दोन बाटल्या, दोन सुऱ्या आणि दोन मोठे टॉवेल निघाले! टॉर्च मात्र दोन असू द्या आणि औषधंही दोघींकडे थोडीथोडी.

खाण्याचं सांगायला नकोच, त्यात आपण पक्क्या. पावाचा लगदा होतो. दुधात भिजवलेल्या दशम्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी, गूळ, खजूर, भाजलेले चणे. गारव्यात तहान लागत नाही म्हणून पाणी पिणं राहून जातं आणि संध्याकाळी डोकं धरतं, तेव्हा आठवणीनं प्यावं, तेही घरून नेलेलं किंवा उकळलेलं. अंग कुडकुडायला लागलं, बोलणं अडखळलं, पाय ठेचकाळू लागले, तर ती नुसती दमणूक समजू नका. आडोसा गाठून ओले कपडे काढा, कोरडे घाला आणि काहीतरी गोड, गरम पोटात जाऊ द्या.

घाटघरला आम्ही एका शेतकरी कुटुंबाकडे आधी विचारून उतरलो. पिठलं, भाकरी आणि टाकळ्याची भाजी. जेवणा-राहण्याचे पैसे आधीच ठरवून घ्यावेत आणि वर घासाघीस करू नये. आणखी एक गोष्ट, शहरातल्या माणसाच्या सहज लक्षात न येणारी. त्यांच्या चुलीपाशी आपले कपडे वाळवायला बसू नये. पावसाळ्याच्या चार महिन्यांचं सरपण त्या बाईनं उन्हाळ्यात डोक्यावरून वाहून आणून रचलेलं असतं. आपल्या दोन सलवारींसाठी ते जाळायचं? कपडे पिळून दोरीवर टाकावेत, सकाळी ओले ते ओलेच. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत, पावलं कोरडी पुसून बोटांच्या बेचक्यांत खोबरेल चोळावं आणि रात्रीसाठी राखून ठेवलेले कोरडे मोजे घालून झोपावं. ह्या मोज्यांचं सुख अनुभवल्याशिवाय कळायचं नाही.

हे सगळं सामानाचं झालं. पण मैत्रिणीबरोबर जाताना सामानाहून मोठी एक गोष्ट घरीच ठरवून घ्यावी लागते, आणि ती नेमकी कुणी ठरवत नाही. मागे फिरायचं केव्हा, आणि ते म्हणायचं कुणी?

आम्ही कल्याणच्या स्टँडवर चहा पिताना ठरवलं होतं: दोघींपैकी एकीनं "नको" म्हटलं की नको. का म्हणून विचारायचं नाही, समजूत घालायची नाही.

शनिवारी रात्रभर पाऊस कोसळला. रविवारी सकाळी खिंडीपाशी आलो तर उतरायच्या दगडी पायऱ्यांवरून पाणी उड्या मारत चाललेलं, आणि खालून रानातून ओढ्यांचा आवाज. मैत्रीण दोन मिनिटं बघत उभी राहिली आणि म्हणाली, "मला नको वाटतंय."

मला त्या दिवशी संध्याकाळी सातच्या आत घरी पोचणं भाग होतं. नणंदेच्या सुनेचं डोहाळजेवण, आणि पुरणपोळ्या माझ्याकडे. घाटातून उतरलो असतो तर दुपारी दोनला कल्याण. न उतरता मागे फिरायचं म्हणजे घाटघरहून मिळेल त्या जीपनं जुन्नर, जुन्नरहून एस.टी., माळशेजच्या धुक्यातून गोगलगायीच्या चालीनं खाली, आणि घरी यायला रात्रीचे साडेनऊ. पोळ्या झाल्या कुणाकडून तरी, पण नणंदबाई अजूनही चार माणसांत त्याचा उल्लेख करतात.

उतरता आलं असतं का? कदाचित आलंही असतं. त्याच सकाळी दोन तरुण पोरं उतरून गेलेली आम्ही पाहिली. बसमध्ये मला राग आला होता, हे लपवत नाही. पण मी बोलले नाही, कारण बोलले असते तर पुढच्या वेळी तिनं "नको" म्हणायच्या आधी माझ्या तोंडाकडे बघितलं असतं. आणि मग त्या ठरावाला अर्थ काय राहिला? आपण बायका तशाही दुसऱ्याचा हिरमोड नको म्हणून मनातली भीती गिळून पुढं जातो. घरात चालतं ते, ओढ्यात चालत नाही.

पाण्याचं म्हणाल तर सह्याद्रीतले ओढे तासाभरात फुगतात आणि पाऊस थांबला की काही तासांत ओसरतातही. वर माथ्यावर पडलेला पाऊस खाली आपल्याला दिसत नाही. पाणी गढूळ झालं, पालापाचोळा वाहू लागला, तळाशी दगड घरंगळल्याचा आवाज आला की काठ सोडावा. जोराचं पाणी गुडघ्याएवढं असलं तरी माणसाला उचलतं. ओलांडायचं नाही, थांबायचं. न ओसरलं तर मागच्या गावी परतायचं. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, एक बाई आणि चार मुलं. सहलीलाच आली होती. ठाण्याकडेही गेल्या काही वर्षांत जिल्हाधिकारी पावसाळ्यात धबधब्यांवर जायला बंदीचे हुकूम काढतात. निघण्याआधी चौकशी करा आणि हुकूम असेल तर तो पाळा. कुठं जातो, कुठल्या वाटेनं, केव्हा परतणार, हे घरी कागदावर लिहून ठेवा. डोंगरात मोबाईलचा भरवसा नसतो.

पहिल्याच खेपेला घाट चढायला निघू नका. शहापूरकडच्या आसनगावला लोकल जाते, तिथून रिक्षानं माहुली गडाच्या पायथ्याचं गाव गाठता येतं. गड चढायचा नाही, तो दमछाक करणारा आहे आणि वर शिडीही आहे. १६३६ साली शहाजीराजे ह्याच गडावर वेढ्यात सापडले होते. तुम्ही नुसतं आसनगाव ते पायथा जाऊन-येऊन पायी चाला, पण पाठीवर सगळं ओझं घेऊन आणि पावसात. बूट कुठं चावतो, पट्टा कुठं काचतो, मैत्रीण किती चालल्यावर गप्प होते, सगळं एका दिवसात कळतं. चालताना हळू चालणारीनं पुढं राहावं. वेगाची मागं राहिली की आपोआप जुळतं. पाऊस बघत चालाल तर आणखी एक ध्यानात ठेवा. शहापूर तालुक्यातल्या तानसा आणि भातसाचं पाणी मुंबईला जातं, तानसाचं तर १८९२ पासून, आणि ह्याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात बायका टँकरची वाट बघतात. तिथल्या कुणाच्या घरी पाणी मागितलंत तर पेला उष्टा टाकू नका.

घरी परतल्यावर पायाला खरचटलं असेल तिथं साबणानं नीट धुऊन बघा. भातखाचरातल्या, डबक्यातल्या पाण्यात उंदरांच्या आणि गुराढोरांच्या मुतातून लेप्टोचे जंतू असतात आणि ते जखमेतून शिरतात. पुढच्या महिनाभरात ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, तर अंगावर काढू नका. डॉक्टरांना पावसात चिखलातून चालल्याचं आवर्जून सांगा. साप चावल्याची शंका आली तर कापाकापी, मंत्रतंत्र काही न करता तो हात किंवा पाय स्थिर ठेवून १०८ ला फोन करावा आणि सरकारी दवाखाना गाठावा.

चिखलाचे कपडे लगेच गरम पाण्यात टाकू नका, डाग बसतात. चिखल वाळू द्या, ब्रशनं झाडा, मग गार पाण्यात. सॅक उलटी करून पंख्याखाली दोन दिवस टांगा, अगदी कोरडी झाल्याशिवाय माळ्यावर चढवू नका. टाकळ्याची घाटघरची भाजी अनेकींना हवी असेल. आठळ्या घालून ती कशी करतात, ते पुढच्या अंकात.