लव्हबर्डची जोडी लावताना

बोरीहून (जि. परभणी) एका भगिनीने विचारले आहे, "लव्हबर्डची जोडी आणली आहे. पिंजऱ्यात मडके केव्हा टांगू?" उत्तर सगळ्यांच्याच उपयोगी पडेल.

दुकानदार ज्याला लव्हबर्ड म्हणतात, तो बहुधा ऑस्ट्रेलियातला बजरीगर असतो. परदेशी म्हणून तो पाळता येतो. आपला रानपोपट मात्र पाळू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला बंदी आहे.

आधी जोडी खरीच जोडी आहे ना, ते पाहा. चोचीच्या वर, नाकपुड्यांभोवती एक मांसल पट्टी असते. वयात आलेल्या नराची ती निळी, मादीची तपकिरी. दोन माद्या एकत्र आल्या, तर मडक्यावरून रक्त निघेपर्यंत भांडतात हं!

मादी वर्षाची झाल्याशिवाय मडके टांगू नका. एकदा सुरुवात झाली, की एक दिवसाआड एक अशी ४ ते ६ अंडी ती घालते. साधारण १८ दिवस एकटीच उबवते. नर तिला भरवतो. पिल्ले पाचेक आठवड्यांनी बाहेर येतात. तोवर ही पुन्हा अंड्यांवर बसलेली!

पिल्ले वाढली, की आपल्याला कौतुक वाटते. पण मडके तसेच राहिले, तर मादी झिजत जाते. कवचासाठी लागणारे कॅल्शियम अपुरे पडते आणि अंडे आत अडकते. पिसे फुगवून ती तळाशी बसली, जोर करू लागली, तर पोट दाबू नका. ऊब द्या आणि लगेच पशुवैद्यांकडे न्या. परभणीला तर पशुवैद्यकीय महाविद्यालयच आहे.

म्हणून वर्षातून दोनच वेळा अंडी घालू द्या. मडके दिवाळीनंतर टांगा आणि होळीच्या सुमारास, पिल्ले दाणे टिपू लागली, की काढून ठेवा. आपल्याकडे चैत्र-वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो; पत्र्याखालच्या मडक्याची तर भट्टीच होते.

राळे, बाजरी, स्वच्छ धुतलेली कोथिंबीर द्या. समुद्रफेसाचा तुकडा तारेला अडकवा. त्यातून कॅल्शियम मिळते. पाणी दिवसातून दोनदा बदला.

घरच्या बाळंतिणीला आपण सव्वा महिना उठू देत नाही. मग या मुक्या जिवाने काय घोडे मारले आहे?