दंड हजाराचा, कपात दीड लाखाची

ट्रिपल सीट जाणाऱ्यांची बाजू घेतली तर पुण्यातले वाचक मला सोडणार नाहीत. तरी आज घेतो.

मोटार अपघात न्यायाधिकरणात जखमीचा क्लेम उभा राहिला की विमा कंपनीच्या कैफियतीत एक वाक्य हमखास असते: अर्जदाराचाही निष्काळजीपणा होता. लायसन नव्हते, हेल्मेट नव्हते, दुचाकीवर तिघे होते. मग निकालात दहा-वीस टक्के हळूच वजा होतात.

दहा टक्के म्हणजे किती? समजा, ३३ वर्षांचा टपरीवाला, कमाई महिना १५ हजार. वर्षाचे १ लाख ८० हजार. पुढे कमाई वाढली असती म्हणून ४० टक्के धरून २ लाख ५२ हजार. सरला वर्मा निकालातल्या (२००९) तक्त्याप्रमाणे या वयाला गुणक १६. पाय अधू होऊन कमावण्याची ताकद ४० टक्के घटली, तर १६ लाख १२ हजार ८०० रुपये. दवाखान्याचा खर्च वेगळा. यातले दहा टक्के म्हणजे १ लाख ६१ हजार २८०. आणि ट्रिपल सीटचा मोटार वाहन कायद्यातला दंड? एक हजार!

नियम मोडला, दंड जरूर घ्या. भरपाई कापायची तर त्या चुकीमुळे अपघात घडला किंवा इजा वाढली, हे दिसायला हवे. मोहम्मद सिद्दिकी खटल्यात (२०२०) तिघे बसलेल्या मोटारसायकलला कारने मागून ठोकले होते. दिल्ली उच्च न्यायालयाने १० टक्के कापले. सर्वोच्च न्यायालयाने ती कपात रद्द केली. डोक्याला मार आहे आणि हेल्मेट नव्हते, तिथे वाद समजू शकतो. नडगीचा चुरा झालेल्याला हेल्मेटचे काय विचारता?

क्लेम बिघडतो तो बरेचदा पंचनाम्यात. हवालदार मोबाइलच्या उजेडात कच्चा नकाशा काढतो: गाडी कुठल्या कडेला, टायर घासल्याच्या खुणा किती फुटांच्या, काचा कुठे सांडल्या. तोवर वाहतूक मोकळी करायला गाड्या बाजूला ओढलेल्या असतात आणि जखमी ऑपरेशन टेबलावर असतो. काही वर्षांनी उलटतपासणीत त्याच कागदावर बोट ठेवून त्याला विचारतात, ‘तुम्ही पांढऱ्या पट्ट्याच्या पलीकडे होतात ना?’

हाच प्रश्न समोरच्या ड्रायव्हरलाही विचारता येईल, पण कित्येक खटल्यांत कंपनी त्याला साक्षीला आणतच नाही. चूक जखमीची, असे म्हणणे कंपनीचे. तेव्हा पुरावाही तिनेच द्यावा. ड्रायव्हर पिंजऱ्यात आला नाही, तर न्यायाधिकरणाने कपातीचा आकडा लिहूच नये.