आजारी लेकराच्या आईबापाला कोण विचारतो?



कापसाचा भाव आणि पीकविमा सोडून हा विषय पहिल्या पानावर का घेतला, असे काहीजण बैठकीत विचारतील. विचारू द्या. ज्या घरात सिकलसेलचे लेकरू आहे, त्या घराचा हिशेब आपल्या उत्पादनखर्चाच्या तक्त्यात कुठेच येत नाही.

विदर्भाला हा आजार नवा नाही. गडचिरोलीपासून नागपूरपर्यंत आदिवासी, दलित, ओबीसी अशा सगळ्या वस्त्यांत तो आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात आणि लेकराच्या हाडांत, पोटात असह्य कळा उठतात. थंडी, ताप, पाणी कमी पडणे, एवढे निमित्त पुरते. कळ वेळ सांगून येत नाही, म्हणून आई झोपते ती एक कान उघडा ठेवून. एकदोन रात्री नव्हे, वर्षानुवर्षे. बाप वार्डाबाहेर बसून आभाळाकडे पाहतो, कारण मृग निघून चाललेला असतो आणि बियाणे घरात पडलेले असते. एकाने दवाखान्यात राहायचे, एकाने वावरात. नवराबायकोची भेट होते ती पैसे देण्याघेण्यापुरती. महात्मा फुले योजनेतून दवाखान्याचे बिल भागेल, पण चुकलेली पेरणी, बुडालेली मजुरी कोण भरून देणार?

अशा माणसाची आधी झोप जाते, मग भूक. तो धडधाकट पोरावर उगाच हात उगारतो, कोणी गुत्त्याची वाट धरतो. बाई तर बोलायचेच सोडते. गाव म्हणते, घर बिघडले. आम्ही म्हणतो, ती माणसे थकली आहेत, आणि या थकव्यालाही मलेरियासारखाच उपचार लागतो.

त्यात खापर फुटते सुनेच्या माहेरावर. 1986 साली चांदवडला शेतकरी बाईच्या कष्टाचा हिशेब मांडणाऱ्या चळवळीच्या घरांतही हे ऐकू येते, याची लाज वाटते. आई आणि बाप दोघांकडून दोष आला तरच लेकराला हा आजार होतो. दोघेही नुसते वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात चारांत एक शक्यता. यात कोणाच्या घराण्याचा काय संबंध?

सरकारने 1 जुलै 2023 रोजी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. सात कोटी लोकांची तपासणी, 2047 पर्यंत निर्मूलन. चांगले आहे, तपासणी सर्वांनी करून घ्यावी. पण समुपदेशन म्हणतात ते बहुधा लग्न जुळवताना कार्ड पाहा, एवढ्यावरच थांबते. ज्यांचे लेकरू आज कण्हते आहे, त्यांना त्याचा काय उपयोग?

आत्महत्येनंतरच्या चौकशीतही तेच. नापिकी, बँकेचे किंवा परवानाधारक सावकाराचे कर्ज, वसुलीचा तगादा, यांत बसले तर एक लाखाची मदत. लेकराच्या उपचारासाठी पाहुण्यांकडून घेतलेले हातउसने कोणत्याच कागदावर नसते. फाइलीवर शेरा पडतो, ‘अपात्र’. शेतीमालाला दाम मिळाला असता तर हातउसने घ्यावे लागले असते काय, हे त्या समितीला कोण विचारणार?

म्हणून या बैठकीत आम्ही ठराव मांडतो आहोत. उपजिल्हा रुग्णालयात ज्या दिवशी सिकलसेलची मुले तपासतात, त्याच दिवशी आईबापांशी बोलायला मानसोपचाराचा माणूस बसला पाहिजे. मंजुरी मिळेपर्यंत थांबायचे कारण नाही. 14416 हा टेलिमानसचा नंबर रात्रंदिवस चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येते. तो प्रत्येक शाखेच्या फलकावर लिहावा.

आणि सावड आपल्याला कोणी शिकवायला नको. पेरणीच्या, वेचणीच्या दिवसांत ज्याचे लेकरू दवाखान्यात आहे, त्याच्या वावरात शाखेने एक दिवस उभे राहावे. बायांनी आळीपाळीने एक रात्र त्या खाटेजवळ बसावे, म्हणजे ती आई घरी जाऊन झोपेल. तिला उपदेश करू नये.

गावप्रमुखांनी बैठकीला येताना अशी घरे किती, एवढा आकडा आणावा. नावे वाचून दाखवायची नाहीत. कोणाचे किती एकर पेरायचे राहिले आहे, ते मात्र तालुकाप्रमुखाच्या कानावर घालावे.