अंगणातले सफरचंद : हौस आणि हिशेब

सफरचंद म्हणजे दवाखान्यात भेटायला जाताना न्यायचे फळ, अशीच आपल्या घरांत अनेक वर्षे रीत होती. धडधाकट मुलांच्या वाट्याला पेरू, बोरे, चिंचा. तेव्हा सफरचंद स्वतःच्या दारात लागावे असे कोणालाही वाटणारच. प्रश्न एवढाच की, हिंजवडीच्या हवेत ते येईल का?

झाड जगेल, फळ मात्र जातीवर आणि निगेवर अवलंबून आहे. काश्मीर-हिमाचलच्या जुन्या जातींना हिवाळ्यात सात अंशांखालची थंडी सुमारे हजार तास लागते. ही विश्रांती मिळाली नाही तर डोळे नीट फुटत नाहीत. आपल्याकडे पारा इतका क्वचितच उतरतो. म्हणून कमी थंडीच्या जातीच निवडाव्यात. इस्रायलची अ‍ॅना, बहामा बेटांवरची डोरसेट गोल्डन आणि आपल्या देशातली हरिमन-९९ या त्यातल्या प्रमुख जाती.

हरिमन-९९ ही जात हिमाचलातील बिलासपूर जिल्ह्याच्या पनियाला गावचे शेतकरी हरिमन शर्मा यांनी शोधली. बियांपासून परसात उगवलेल्या एका रोपाला सखल, उष्ण भागातही फळ धरलेले त्यांनी पाहिले आणि त्यावरून कलमे केली. २०२५ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्यांच्या गावची उंची जवळपास आपल्याइतकीच असली, तरी तिथला हिवाळा आपल्यापेक्षा कडक असतो.

मग उपाय काय? इंडोनेशियात जावा बेटावरील बातू येथे थंडी नसतानाही सफरचंद पिकते. तिथे तोडणीनंतर झाडाची पाने हाताने काढतात, म्हणजे झाड नव्याने फुटते. आपणही डिसेंबरात पाणी कमी करून पाने काढावीत, हलकी छाटणी करावी आणि मग पुन्हा पाणी सुरू करावे.

लागवड थंडीतच करावी. आपल्या भागात बांधकामांचा राडारोडा जमिनीत फार असतो. दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे काढून टाकावेत. चांगली माती, कुजलेले शेणखत व थोडी निंबोळी पेंड भरावी. कलमाचा जोड मातीच्या वर चार बोटे राहिला पाहिजे. जोडाखालून येणारे फुटवे लगेच काढावेत.

उन्हाळ्यात खोडाला चुना लावावा, बुंध्यापासून थोडे दूर पालापाचोळा पसरावा आणि दुपारच्या उन्हाला जुन्या साडीचा आडोसा करावा. पावसाळ्यात बुंध्याशी पाणी साचू देऊ नये. कापसासारखा पांढरा मावा दिसला तर साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या ब्रशने पुसून काढावा. पहिली दोन वर्षे फुले खुडावीत, म्हणजे झाडाचे अंग भरते. परागीकरणासाठी अ‍ॅनाजवळ डोरसेट असणे चांगले.

आता हिशेब. पहिल्याच वर्षी टोपलीभर फळे लागतील असे सांगणाऱ्याकडून रोप घेऊ नये. कलमाचा जोड डोळ्यांनी पाहावा, पावतीवर जातीचे नाव लिहून घ्यावे. बी लावून पैसे वाचवू म्हटले तर तेच फळ मिळेल याची खात्री नाही. हरिमन शर्मांच्या परसातले रोप लाखात एक निघाले.

एकाच झाडापुरती जागा असेल तर पेरू लावावा. त्यात सफरचंदापेक्षा क जीवनसत्त्व कितीतरी पट जास्त असते आणि आपल्या हवेत तो बिनतक्रार फळतो. दोन झाडांची जागा असेल तर दुसरे सफरचंद खुशाल लावावे. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांनी तळाला भोके पाडलेल्या मोठ्या ड्रममध्ये लावावे. खोली बदलली तरी झाड आपल्याबरोबर येते. तिसऱ्या वर्षीचे फळ घरमालकाच्या दारात राहून जात नाही.