विश्लेषण : गावाच्या वेबसाइटवरचे कोणते पान गूगलला दाखवायचे, हे कोण ठरवते?

वाशिम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यात कामरगाव आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात नगर-पुणे रस्त्यावर दुसरे कामरगाव आहे. आसामच्या गोलाघाट जिल्ह्यातही इंग्रजीत अगदी त्याच स्पेलिंगचे तिसरे गाव आहे. त्यात तालुका कारंजा म्हटले, तरी वाशिमचे कारंजा (लाड) आणि वर्ध्याचे कारंजा (घाडगे) असा घोळ उरतोच. माणसाला ‘वाशिमचे कामरगाव’ म्हटले की पुरते. सर्च इंजिनला मात्र ते पानावर लिहिलेले दिसावे लागते.

२०२५ च्या सुरुवातीला राज्य सरकारने शासकीय कार्यालयांसाठी १०० दिवसांचा सात कलमी कार्यक्रम आखला. त्यातले पहिलेच कलम संकेतस्थळ अद्ययावत करण्याचे होते. पण वेबसाइट असणे आणि ती सापडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय तिच्यावरच्या काही गोष्टी नावानिशी सापडू नयेत, हेही तितकेच महत्त्वाचे. या दोन्हींचा निर्णय पानागणिक होतो आणि बहुतेक वेळा तो कुणी घेतलेलाच नसतो.

पानाचे ‘सेटिंग’ म्हणजे नेमके काय?

वेबसाइटच्या प्रत्येक पानाला वाचकाला न दिसणारा एक भाग असतो. तांत्रिक भाषेत त्याला ‘हेड’ म्हणतात. सर्च इंजिनसाठी त्यातल्या तीन ओळी कामाच्या. पहिली पानाचे शीर्षक, म्हणजे शोधनिकालात निळ्या अक्षरांत दिसणारी ओळ. दुसरी पानाचा सारांश. तो गूगल बहुधा शीर्षकाखाली दाखवते, पण तसे बंधन नाही. तिसरी ‘मेटा रोबोट्स’. त्यात ‘नोइंडेक्स’ हा शब्द लिहिला, की हे पान शोधनिकालात दाखवू नका, अशी सूचना सर्च इंजिनला मिळते.

तयार साचा विकत घेऊन बनवलेल्या अनेक साइटवर सगळ्या पानांचे शीर्षक एकच असते : ‘ग्रामपंचायत’ किंवा नुसते ‘होम’. दाखल्यांचे शुल्क, ग्रामसभेची सूचना, करभरणा, सगळ्यांवर तीच पाटी. ‘जन्म दाखला – ग्रामपंचायत कामरगाव, ता. कारंजा (लाड), जि. वाशिम’ एवढे लिहिले तरी अर्धे काम होते. गावाचे नाव इंग्रजीतही द्यावे, कारण मोबाइलवर अनेक जण मराठी शब्द रोमन अक्षरांतच टाइप करतात. ‘कीवर्ड’ची लांबलचक यादी भरण्यासाठी वेगळे पैसे मागणाऱ्यांकडे मात्र खुशाल दुर्लक्ष करावे. क्रमवारीसाठी तो टॅग आपण वापरत नाही, हे गूगलने २००९ मध्येच जाहीर केले आहे.

‘नोइंडेक्स’ म्हणजे कुलूप का?

नाही. पान जिथल्या तिथे राहते. ज्याच्याकडे लिंक आहे, तो ते उघडू शकतो. फक्त शोधून ते सापडत नाही. शिवाय ही सूचना पाळणे सर्च इंजिनच्या शिस्तीवर आहे. गूगल, बिंग पाळतात. माहिती ओरबाडण्यासाठीच लिहिलेले प्रोग्राम पाळतीलच असे नाही.

इथे एक गल्लत हमखास होते आणि इंजिनीअर मंडळीही तिला अपवाद नाहीत. प्रत्येक साइटवर ‘रोबोट्स डॉट टीएक्सटी’ नावाची एक फाइल ठेवता येते. ही पद्धत १९९४ पासूनची; २०२२ मध्ये तिला इंटरनेटच्या अधिकृत मानकाचा दर्जा मिळाला. साइटचा कोणता भाग सर्च इंजिनच्या प्रोग्रामने वाचू नये, हे त्या फाइलमध्ये लिहितात. म्हणजे फाटकावर ‘आत येऊ नये’ अशी पाटी लावण्यासारखे. आता होते असे, की एखादे पान लपवायचे म्हणून या फाइलमध्ये त्याला बंदी केली जाते आणि खात्रीसाठी पानावर ‘नोइंडेक्स’ही लिहिले जाते. गूगल पाटी पाहून फाटकातूनच परत फिरते. आतल्या भिंतीवर लिहिलेले ‘नोइंडेक्स’ ते वाचतच नाही. दुसऱ्या कुठल्या साइटवर त्या पानाची लिंक असेल, तर पानाचा पत्ता शोधनिकालात तरीही येऊ शकतो. दुहेरी बंदोबस्त केला म्हणून एकही लागू पडत नाही. पान निकालातून काढायचे असेल, तर आधी गूगलला ते वाचू द्यावे लागते. काही जण ‘नोइंडेक्स’ची ओळ या फाइलमध्येच लिहीत, गूगलने १ सप्टेंबर २०१९ पासून तिची दखल घेणे बंद केले.

लाभार्थ्यांच्या यादीचे काय करायचे?

खरा प्रश्न हा आहे. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४ नुसार अनुदानाच्या योजना कशा राबवल्या, किती रक्कम दिली आणि लाभार्थी कोण, हे कार्यालयाने कुणी मागण्याआधी स्वतःहून जाहीर करायचे आहे. घरकुल कुणाला मिळाले, विहीर कुणाला मंजूर झाली, हे गावाला कळायलाच हवे. यादी फलकावर असते तेव्हा ती गाव वाचते. तीच वेबसाइटवर आली, की त्या माणसाचे नाव शोधणाऱ्या कुणालाही ती दिसू शकते. कर्ज देणारे ॲप चालवणारा, सोयरीक जमवण्याआधी चौकशी करणारा, ‘तुमचा घरकुलाचा हप्ता अडकलाय’ असा फोन करणारा भामटा, यांतले कुणीही.

याद्या टाकताना काय होऊ शकते, हे २०१७ मध्ये दिसले. केंद्र व राज्यांच्या खात्यांच्या आणि शैक्षणिक संस्थांच्या सुमारे २१० संकेतस्थळांवर लाभार्थ्यांची नावे, पत्ते आणि आधार क्रमांक उघड दिसत होते, असे आधार प्राधिकरणानेच माहिती अधिकारातील उत्तरात सांगितले. त्यात कुणी हॅकर नव्हता. माहिती जशी होती तशी चढवली गेली, एवढेच. आधार क्रमांक असा जाहीर करायला आधार कायद्याच्या कलम २९ ने मनाई आहे. अशा फाइलला ‘नोइंडेक्स’ लावणे हा उपाय नव्हे. आधार, बँक खाते आणि मोबाइल क्रमांकाचे रकाने काढूनच फाइल चढवायची.

रकाने काढल्यावर उरते ती नाव, योजना आणि रक्कम असलेली यादी. ती साइटवर खुली असावी. ग्रामपंचायतीच्या पानावरून कुणीही उघडावी. पण त्या यादीच्या पानावर ‘नोइंडेक्स’ असावे. म्हणजे गावाला हिशेब मिळतो आणि गरिबीतून मिळालेले अनुदान माणसाच्या नावाला कायमचे चिकटत नाही. दोन्ही बाजूंना न्याय देणारा यापेक्षा स्वस्त मार्ग मला तरी दिसत नाही.

यादी पीडीएफ असेल, तर थोडी जास्त खटपट आहे. पीडीएफला ‘हेड’ नसते. त्यामुळे तीच सूचना सर्व्हरकडून ‘एक्स-रोबोट्स-टॅग’ म्हणून पाठवावी लागते. हे काम साइट बनवणाऱ्याचे.

याचा आडोसा घेता येईल का?

येईल, आणि घेतला गेला आहे. अमेरिकेत १ जानेवारी २०२१ पासून रुग्णालयांना उपचारांचे दर वेबसाइटवर जाहीर करणे सक्तीचे झाले. त्याच वर्षी मार्चमध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने दाखवून दिले, की शेकडो रुग्णालयांनी दर जाहीर केले खरे, पण त्याच पानांवर ते सर्चमध्ये येऊ नयेत अशी ओळ टाकली होती. नियमाचे अक्षर पाळले आणि रुग्णाला मात्र दर सापडले नाहीत. निविदा, १५ व्या वित्त आयोगाचा खर्च, ग्रामसभेचे ठराव अशा पानांवर आपल्याकडे कुणी ‘नोइंडेक्स’ लावले, तर त्याचा अर्थ तोच होईल.

नोव्हेंबर २०२५ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम अधिसूचित झाले, तेव्हाच माहिती अधिकार कायद्यातील ‘वैयक्तिक माहिती’चा अपवादही रुंदावला. आता यादीच नको, काढून टाका, असा सोपा मार्ग कार्यालये धरतील ही भीती आहे. पान ठेवून फक्त शोधातून वगळणे हा मधला मार्ग न्यायालयालाही सुचला आहे. निर्दोष सुटूनही नाव गूगल केले की जुना खटला समोर येतो, अशी तक्रार घेऊन आलेल्या भारतीय वंशाच्या अमेरिकी नागरिकाला दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये अंतरिम दिलासा दिला. तो निकाल सर्च इंजिनमधून दिसू नये, अशी व्यवस्था करण्याचा आदेश न्यायालयाने दिला.

मराठी पानांची वेगळी अडचण कोणती?

सापडायला हवीत ती पाने न सापडण्याचे आपल्याकडचे मोठे कारण सेटिंग नसून फाइल हे आहे. सही-शिक्क्याचे पत्र स्कॅन करून चढवले, की त्यात अक्षरे नसतात, अक्षरांचा फोटो असतो. गूगल त्यातले काही ओळखते, पण पुसट झेरॉक्सवरची जोडाक्षरे त्यालाही जड जातात. कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल डोळ्यांना मराठी दिसते. आत मात्र बहुधा रोमन अक्षरे आणि चिन्हे भरलेली असतात. ‘पाणीपट्टी’ शोधणाऱ्याला ती मिळणार कशी? सूचना युनिकोडमध्ये पानावरच टाइप करावी आणि सहीची प्रत खाली जोडावी. चार ओळींची सूचना असेल तर पाच मिनिटांचे काम आहे.

ग्रामपंचायतीने आज काय तपासावे?

गूगलच्या खिडकीत इंग्रजीत ‘साइट’ लिहून पुढे कोलन आणि मध्ये जागा न सोडता आपल्या वेबसाइटचा पत्ता टाकावा. गूगलकडे त्या साइटची कोणती पाने आहेत, त्याचा अंदाज येतो. एकही दिसले नाही आणि साइट वर्डप्रेसवर असेल, तर सेटिंगमधील ‘रीडिंग’ विभाग उघडावा. सर्च इंजिनना परावृत्त करणारी एक चौकट तिथे असते. साइट तयार होत असताना त्या चौकटीत खूण करतात आणि उद्घाटनानंतर ती काढायची राहून जाते. एकट्या पानासाठीचा पर्याय योस्ट किंवा रँक मॅथसारख्या प्लगइनमध्ये त्या पानाखालीच मिळतो.

बदल केला तरी गूगल ते पान पुन्हा वाचेपर्यंत काही दिवस, कधी काही आठवडे जातात. आधार क्रमांकासारखे काही उघडे पडले असेल, तर फाइल तत्काळ काढून गूगलच्या ‘सर्च कन्सोल’मधून निकाल हटवण्याची विनंती करावी. ही सोय मोफत आहे, पण ती सुमारे सहा महिनेच टिकते. त्यामुळे मूळ फाइल आधी काढणे भाग आहे. या कन्सोलचे खाते कुणाच्या ई-मेलवर आहे, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी (पूर्वीचे ग्रामसेवक) आजच विचारून घ्यावे. ते साइट बनवणाऱ्या ठेकेदाराच्या नावावर असेल आणि यादी रविवारी फुटली, तर आधी त्याने फोन उचलण्याची वाट पाहावी लागेल.