जंक्शनच्या बाहेरचं गाव

ऑफिसात कोणी 'नेटिव्ह प्लेस?' विचारलं आणि मी मिरज म्हटलं, की पुढचा प्रश्न ठरलेला. "म्हणजे ते जंक्शन ना?" हो, तेच. जिथे तुम्ही चहा पिता आणि गाडी सुटायच्या आत परत डब्यात चढता, ते.

एकदा बाहेर येऊन रिक्षात बसा की राव. नावं ऐकण्यासारखी आहेत. शेजारच्या सांगलीचं सोपं आहे, सहा गल्ल्या म्हणून सांगली, शाळकरी पोरही सांगेल. मिरजेची लाडकी थिअरी म्हणजे मीरासाहेबांवरून मिरज. इतकी फिट्ट बसते की मोडवत नाही. प्रॉब्लेम एवढाच, की शिलाहारांच्या ताम्रपटांत हा मुलुख 'मिरिंज' म्हणून येतो, पीर इथे येण्याच्या बऱ्याच आधी. पुढे कागदोपत्री 'मुर्तजाबाद' करून पाहिलं गेलं. लोकांनी मनावर घेतलं नाही.

तरी मला मीरासाहेबांची गोष्टच आवडते. याच दर्ग्याच्या उरुसात पहिला गलेफ चर्मकार समाजाचा असतो. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले, त्यांची कबर याच आवारात आहे आणि उरुसात त्यांच्या आठवणीत रात्र रात्र गाणं चालतं. आपलं नाव इथूनच आलं असं गावाला वाटलं, तर मी कशाला ताम्रपट काढून दाखवू?

काही नावं तर धंद्याबरोबर बदलली. हत्यारांना धार लावणारे शिकलगार तंतुवाद्यं करायला लागले आणि त्यांचं आडनावच 'सतारमेकर' झालं. अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी, शंभर टक्के मिरजेचं. इथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय टॅग मिळाला, तो त्यांच्याच हातांचा.

आणि सांगली रोडवरची वानलेसवाडी. नवख्याला वाटतं, असेल कोणा पाटलाची वाडी. पण हे पाटील म्हणजे डॉ. विल्यम वॉनलेस, १८९४ मध्ये मिरजेत मिशन हॉस्पिटल उभारणारे! साहेबाच्या आडनावाला 'वाडी' चिकटवली की झाला तो आपला.

माझ्या मैत्रिणीने त्याच भागात फ्लॅट बुक केलाय. स्कीमचं नाव लांबलचक इंग्रजी. ब्रोशरवर 'रोड टच' आहे, 'प्राइम लोकेशन' आहे, वानलेसवाडी कुठेच नाही. परवा तिने रिक्षावाल्याला ते इंग्रजी नाव दोनदा सांगितलं. त्याने शांतपणे विचारलं, "ताई, म्हणजे वानलेसवाडीत कुठं?"